कोरा रकाना आणि घंटेचा आकार

आपल्या मंडळाच्या सभासदांनी गेल्या काही वर्षांत एक चांगला पायंडा पाडला आहे. आपापल्या दवाखान्यातील नोंदी एकत्र करून त्यांवर छोटेखानी अभ्यास करावा आणि तो सभेत वाचून दाखवावा, असा हा उपक्रम. उच्च रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल, गरोदर मातांमधील रक्तक्षय असे नित्याचेच विषय त्यात असतात. परंतु एका बाजूला हिऱ्यांचे कारखाने, दुसऱ्या बाजूला उसाचे फड आणि मधून अहोरात्र वाहणारा महामार्ग, अशा कामरेजमधील रुग्ण हा पाठ्यपुस्तकातील रुग्णाहून निराळा असतो. म्हणूनच त्याच्या नोंदींना मोल आहे.

या अभ्यासांतील आकडेमोड नजरेखालून घालण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. त्या वेळी दोन प्रश्न मला दरवेळी विचारावे लागतात. जे आकडे कागदावर नाहीत, त्यांचे आपण काय केले? आणि जे आहेत, त्यांचा आकार कसा आहे? स्मरणिकेच्या निमित्ताने या दोन प्रश्नांचा थोडा सविस्तर ऊहापोह करावा, असे मनात होते. लेखातील गणित शालेय पातळीपलीकडचे नाही. घरातील इतर मंडळींनीही तो वाचावा, कारण कोरा राहणारा रकाना शेवटी त्यांच्यापैकीच कुणाचा तरी असतो.

झाकली मूठ

समजा, उच्च रक्तदाबाच्या १०० रुग्णांना आपण औषध सुरू केले. तीन महिन्यांनी फेरतपासणीस ६० जण आले आणि त्यांपैकी ४५ जणांचा रक्तदाब आटोक्यात होता. निबंधात आपण लिहितो, ‘७५ टक्के रुग्णांना गुण आला.’ साठांपैकी पंचेचाळीस म्हणजे ७५ टक्के, हिशेबात चूक नाही. पण उरलेले ४० जण कुठे गेले? ते सगळे बरे असतील, तर यशाचे प्रमाण शंभरात ८५ होते. त्यांपैकी एकाचाही रक्तदाब आटोक्यात नसेल, तर ते ४५ वर येते. म्हणजे आपले खरे उत्तर ‘४५ ते ८५ यांच्या दरम्यान कुठेतरी’ एवढेच आहे. ७५ हा आकडा न आलेल्या ४० जणांविषयी काहीही सांगत नाही; ते आलेल्या ६० जणांसारखेच असतील, असे तो गृहीत मात्र धरतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यवहारात ठीक आहे; रुग्णाच्या जिवाशी गाठ असते तेथे मूठ उघडूनच दाखवावी लागते.

आपल्या क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाने हा धडा फार पूर्वीच गिरवला. उपचार सुरू केलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव त्याच्या गटात नोंदले जाते आणि तो मध्येच दिसेनासा झाला तरी भाजकातून वगळला जात नाही. सलग दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ औषध तुटले, तर पूर्वी त्याला ‘डिफॉल्टर’ म्हणत. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या सुधारल्या, तेव्हा त्या जागी ‘लॉस्ट टू फॉलो-अप’ हा शब्द आला. रुग्णाच्या माथी दोष मारणारा शब्द गेला, पण हिशेबातील त्याची जागा कायम राहिली. हा नियम आपल्या छोट्या अभ्यासांनाही लावता येण्याजोगा आहे.

भाजक हरवतो तेव्हा काय होते, हे सुरतेने सप्टेंबर १९९४ मध्ये अनुभवले. प्लेगच्या बातमीसरशी काही दिवसांत लाखो लोकांनी रेल्वे, बस, मिळेल त्या वाहनाने शहर सोडले. त्या साथीत देशभर ८७६ संशयित रुग्ण आणि ५४ मृत्यू अशी गणना जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवली आहे. परंतु ज्या शहरातून एवढी माणसे निघून गेली, तेथे ताप घेऊन बाहेर पडलेले किती, वाटेत वा गावी जाऊन बरे झालेले किती, आणि केवळ भीतीपोटी रुग्णालयात आलेले किती, हे नोंदवहीवरून कसे कळावे? मृत्युदर हा शेवटी एक भागाकार असतो. त्यात वरचा आकडा काटेकोर आणि खालचा अंदाजाचा असला, तर उत्तरही अंदाजाचेच राहते.

कोरेपणाचे तीन प्रकार

रकाना कोरा आहे, एवढे पाहून थांबता येत नाही. तो का कोरा आहे, हे विचारावे लागते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली या ‘का’ची शास्त्रशुद्ध मांडणी केली. तिची इंग्रजी नावे बोजड आहेत, पण आपल्या भागातील उदाहरणांनी ती सहज उलगडते.

पहिला प्रकार निव्वळ योगायोगाचा. एका दिवशी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपल्या आणि त्या दिवशीच्या रुग्णांची साखर नोंदायची राहिली. या कोरेपणाचा रुग्णाच्या प्रकृतीशी काही संबंध नाही. अशा नोंदी वगळल्या, तर आकडे कमी होतील, पण निष्कर्ष एका बाजूला झुकणार नाही. मात्र ‘योगायोग’ हा शब्द जपून वापरावा. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. अशा पुरात एखाद्या दवाखान्याचे केसपेपर भिजले, तर प्रथमदर्शनी तो योगायोगच वाटेल. पण केसपेपर अनुक्रमांकाने लावलेले असतील आणि पाणी खालच्या फळीपर्यंतच चढले असेल, तर गेले ते जुन्या रुग्णांचे कागद. ज्यांचा आजार दीर्घकाळचा, नेमके त्यांचे.

दुसऱ्या प्रकारात कोरेपणाचे कारण आपल्याच नोंदीत दुसऱ्या रकान्यात सापडते. दिवाळीच्या सुमारास डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या दक्षिण गुजरातेत येतात आणि हंगाम संपला की पडाव उठतात. नोव्हेंबरात तपासलेली गरोदर बाई मे महिन्यात आपल्याला दिसत नाही. ती गेली ती हंगाम संपला म्हणून, हिमोग्लोबिन कमी झाले म्हणून नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत सौराष्ट्रात जाणाऱ्या रत्नकलाकारांचेही तसेच. केसपेपरवर व्यवसाय, गाव आणि महिना लिहिलेला असेल, तर या माहितीच्या आधारे कोऱ्या जागेचा समंजस अंदाज बांधता येतो. ‘व्यवसाय’ हा रकाना कंपाउंडरने भरावा, असा माझा आग्रह असतो तो याचसाठी.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. येथे जो आकडा लिहिला जायचा होता, तोच कोरेपणाचे कारण असतो. पथ्य मोडलेला मधुमेही साखर वाढली असणार या धास्तीने तपासणीलाच येत नाही. मद्यपानाविषयीचा प्रश्न नेमका पिणाराच टाळतो. आणि ज्याची प्रकृती फारच खालावली, तो सुरतेच्या मोठ्या रुग्णालयात दाखल झालेला असतो किंवा या जगातच नसतो. उपलब्ध आकड्यांवर कितीही गणिते केली, तरी या प्रकाराचा छडा लागत नाही. त्यासाठी दूरध्वनी करावा लागतो, आशा कार्यकर्तीला विचारावे लागते, प्रसंगी घरी जावे लागते.

घरी जाण्याने काय घडते, याचा मराठी मुलखातील दाखला जगाने वाचलेला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा निबंध जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते. मात्र त्याआधी स्त्रीरोगविषयक तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. तोपर्यंत ज्यांनी केवळ दवाखान्याच्या नोंदवहीवरून ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा अंदाज बांधला असेल, त्यांच्या वहीत बहुतेक स्त्रियांची पाने उघडलीच गेली नव्हती. संकोच, अंतर, स्त्री डॉक्टरचा अभाव ही सारी त्या कोऱ्या पानांची कारणे. वहीत नाव नाही म्हणून आजार नाही, असा निष्कर्ष काढणे किती महागात पडते, हे त्या दोन आकड्यांत दिसते.

भरावे, पण कसे

कोरी जागा भरण्याचे काही प्रचलित मार्ग आहेत आणि त्यांतील बरेचसे फसवे आहेत. सर्वांत साधी फसगत संगणकाची. समजा, नऊ रुग्णांच्या उपाशीपोटी साखरेची सरासरी १३० आहे आणि दहावी जागा कोरी आहे. मदतनिसाने तेथे शून्य टाकले, तर सरासरी ११७ होते. ‘माहिती नाही’ याची खूण म्हणून ९९९ टाकले आणि संगणकाला तसे सांगायचे राहिले, तर ती २१६.९ होते. रुग्ण तेच आणि साखरही तीच. बदलली ती फक्त कोऱ्या जागेची खूण.

दुसरा मार्ग कोऱ्या जागी सरासरी भरण्याचा. वरवर पाहता तो निरुपद्रवी वाटतो, कारण सरासरी हलत नाही. हलते ते प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा. १०० पैकी ६० रुग्णांच्या वरच्या रक्तदाबाचे प्रमाण विचलन २० असेल आणि उरलेल्या ४० जागी सरासरीच भरली, तर ते सुमारे १५.४ वर येते. जणू आपल्या गावातील माणसे एकमेकांसारखी झाली! पसारा कृत्रिमरीत्या आकसला की नसलेला फरकही संख्याशास्त्रीयदृष्ट्या ‘लक्षणीय’ ठरू लागतो. तिसरा मार्ग मागच्या भेटीतील आकडाच पुढे ओढण्याचा. औषधचाचण्यांत एके काळी तो सर्रास वापरला जाई. पण रुग्णाची प्रकृती शेवटच्या भेटीच्या दिवशीच थबकून राहिली, असे मानणे वैद्यकीय अनुभवाला धरून नाही.

रुबिन यांनीच सुचवलेला आणि आज सर्वमान्य असलेला मार्ग म्हणजे बहुविध भरण, अर्थात ‘मल्टिपल इम्प्युटेशन’. रुग्णाचे वय, व्यवसाय, आधीचे आकडे यांवरून कोऱ्या जागेसाठी एकच नव्हे, तर अनेक संभाव्य आकडे काढायचे; तितके निरनिराळे तक्ते तयार करायचे; प्रत्येकाचे स्वतंत्र विश्लेषण करायचे आणि शेवटी उत्तरे एकत्र करायची. या तक्त्यांच्या उत्तरांत जितकी तफावत, तितकी आपली अनिश्चितता. ती लपवली न जाता उत्तरातच उतरते. ही पद्धत पहिल्या दोन प्रकारच्या कोरेपणाला उपयोगी पडते. तिसऱ्या प्रकाराची शंका असेल, तर वरच्या उदाहरणाप्रमाणे ‘सगळे वाईट’ आणि ‘सगळे चांगले’ अशा दोन्ही टोकांनी हिशेब करून पाहावा. दोन्ही टोकांना निष्कर्ष टिकला, तर तो ठामपणे मांडावा; नाहीतर टोके सांगून थांबावे.

घंटेचा आकार

आता दुसरा प्रश्न, हाती असलेल्या आकड्यांच्या आकाराचा. आपल्या निबंधांत प्रत्येक आकड्यामागे ‘सरासरी अधिक-उणे प्रमाण विचलन’ लिहिण्याची प्रथा आहे. या प्रथेमागे एक चित्र गृहीत असते: मध्यभागी उंच, दोन्ही बाजूंना सारखी उतरत जाणारी, घंटेसारखी आकृती. तिला प्रसामान्य वितरण, म्हणजेच नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. प्रौढ पुरुषांची उंची बरीचशी अशी असते. परंतु रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस, ट्रायग्लिसराइड, क्रिएटिनीन, उपचाराचा खर्च हे आकडे तसे नसतात. त्यांची शेपटी उजवीकडे लांबत जाते.

समजा, नऊ रुग्णांचा मुक्काम २, २, ३, ३, ३, ४, ४, ५ आणि २८ दिवस आहे. सरासरी येते ६ दिवस, पण नऊपैकी आठ जण सहा दिवसांच्या आतच घरी गेले आहेत. प्रमाण विचलन येते सुमारे ८.३. आता नियमाप्रमाणे सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा केली, तर उत्तर येते उणे साडेदहा दिवस. दाखल होण्यापूर्वीच दहा दिवस घरी गेलेला रुग्ण कोणी पाहिला आहे काय? येथे मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ३ दिवस आहे आणि तोच खरे सांगतो. यावरून एक सोपी खूणगाठ बांधता येते. जी राशी उणे असूच शकत नाही, तिचे प्रमाण विचलन सरासरीच्या निम्म्याहून मोठे असेल, तर ती घंटेच्या आकाराची नाही.

हातच्या कांकणाला आरसा कशाला? संगणकाकडून चाचणी मागण्याआधी आकड्यांचा स्तंभालेख काढून डोळ्यांनी पाहावा. बऱ्याच गोष्टी तेथेच कळतात. रक्तदाबाच्या आलेखावर १२०, १३०, १४० येथे उंच सुळके आणि मध्ये दऱ्या दिसल्या, तर समजावे की मोजणारा हात शून्यावर अडतो आहे. ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिनच्या आलेखाला दोन उंचवटे दिसले, तर मधुमेही आणि निरोगी अशी दोन माणसांची गर्दी आपण एकाच ओळीत उभी केली आहे.

शापिरो आणि विल्क यांची १९६५ सालची चाचणी आज प्रत्येक संगणक-प्रणालीत मिळते. तिचा उपयोग करावा, पण तिच्या मर्यादा ओळखून. आठ-दहा रुग्णांवर ती आकार बिघडलेला असतानाही बहुधा काही बोलत नाही; हजारो नोंदींवर क्षुल्लक वाकडेपणालाही ती मोठा दोष ठरवते. चाचणीचा मौनभंग झाला नाही म्हणजे आकार सिद्ध झाला, असे नव्हे. शिवाय घंटा नेमकी कुठे शोधायची, हेही पाहावे लागते. औषधापूर्वीच्या आणि नंतरच्या रक्तदाबाची तुलना जोडीने करायची असेल, तर प्रत्येक रुग्णातील फरकांचा आकार पाहायचा. मूळ आकड्यांचा नव्हे.

आकार घंटेचा नसला, तर घाबरण्याचे कारण नाही. शेपटी उजवीकडे लांब असेल, तर आकड्यांचा लॉगॅरिथम घेतल्यावर अनेकदा ती सावरते. नाहीतर मध्यक आणि चतुर्थकांतील अंतर द्यावे, आणि दोन गटांची तुलना मान-व्हिटनीसारख्या क्रमांकांवर आधारलेल्या चाचणीने करावी. वितरण वाकडे असणे हा दोष नसून ती माहिती आहे. २८ दिवस राहिलेला तो एक रुग्ण आलेखातून पुसून टाकण्याआधी त्याचा केसपेपर उघडून पाहावा. अभ्यासाचे मर्म कदाचित तेथेच असेल.

आकारावरून झालेला वाद

हा विषय निव्वळ पंडिती नाही, याची साक्ष एका मराठी संख्याशास्त्रज्ञाच्या कार्यात मिळते. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून त्यांनी सुमारे दोन दशके काम केले. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणशी दररोज २२५० उष्मांक ही सरासरी गरज रेषा म्हणून धरली होती. सुखात्म्यांचा आक्षेप असा, की गरज ही एक रेषा नसून वितरण आहे. निरोगी माणसांच्या गरजा घंटेच्या आकारात पसरलेल्या असतील, तर निम्म्या निरोगी माणसांची गरज सरासरीहून कमीच असणार. मग सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? एकाच माणसाची गरजही काळानुसार खाली-वर होते, हे लक्षात घेऊन रेषा सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा करून आखावी, असे त्यांनी सुचवले.

दांडेकरांनी आणि आहारशास्त्रज्ञांपैकी डॉ. सी. गोपालन यांनी या मताला कडाडून विरोध केला. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते म्हणजे ते निरोगी असतेच असे नाही, आणि इतक्या खाली आखलेली रेषा खऱ्या भुकेल्यांनाही मोजणीबाहेर ठेवील, असा त्यांचा मुद्दा होता. आज मागे वळून पाहता दोन्ही बाजूंचे वजन जाणवते. कोण बरोबर हा निवाडा मी येथे करीत नाही. पण एका वितरणाच्या आकारावर आणि त्यावर रेषा कुठे ओढायची यावर, देशातील उपाशी माणसांची संख्या कोट्यवधींनी कमी-जास्त होते, हे त्या वादाने दाखवून दिले. आपल्या तालुक्यात कुणाला कुपोषित म्हणायचे, कुणाला रक्तक्षयी म्हणायचे, या प्रश्नांमागेही तेच गणित उभे असते.

दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले

कोरे रकाने आणि आकार यांची तपासणी वेगवेगळी करून भागत नाही. कोऱ्या जागी सरासरी भरून मग आकार पाहिला, तर मध्यभागी एक खोटा सुळका दिसतो. उलट, ज्यांची साखर सर्वाधिक तेच गैरहजर राहिले असतील, तर उजवी शेपटी कापली जाऊन वाकडे वितरणही सरळ, देखणे दिसते. अशा देखण्या आलेखावर मी अधिकच संशय घेतो. बहुविध भरणातही बहुतेक प्रणाली आकडे घंटेच्या आकाराचे मानून चालतात. ट्रायग्लिसराइडसारखी राशी थेट भरली, तर उणे आकडेही निघू शकतात. म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम कोऱ्या जागा मोजाव्यात आणि त्यांची कारणे लिहावीत, मग उपलब्ध आकड्यांचा आलेख पाहावा, गरज पडल्यास लॉगॅरिथम घ्यावा, त्यानंतरच भरण करावे आणि भरलेले आकडे मूळ आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत.

सभासद मित्रांना माझी एवढीच विनंती, की पुढील वर्षीच्या प्रत्येक निबंधाच्या आरंभी चार ओळी असाव्यात. किती रुग्णांपासून सुरुवात केली, किती शेवटपर्यंत राहिले, गळालेल्यांची वये, व्यवसाय आणि आरंभीचे आकडे राहिलेल्यांहून वेगळे होते काय, आणि न आलेल्यांपैकी कितींची चौकशी केली. या चार ओळींना संगणक लागत नाही, एक नोंदवही आणि दूरध्वनी पुरतो.

आणि समाजातील बंधुभगिनींना सांगणे असे, की डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला बरे वाटत असले तरी या, आणि पथ्य मोडले असले तरी या. गावी जाणार असाल, तर जाण्यापूर्वी तेथला पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक केसपेपरवर लिहून द्या. तुमचा रकाना भरला, तर पुढच्या रुग्णाला कोणते औषध द्यावे, हे ठरवताना आम्हाला अंदाजावर विसंबावे लागणार नाही.